स्वतंत्र निर्मिती आणि श्रद्धेचा अवकाश : ‘इंजिन ऑफ अ मिलियन प्लॉट्स’ या अल्बमच्या संदर्भात

प्रस्तावना :

धार्मिक संगीताला आशय श्रद्धेकडून मिळतो. मात्र ते श्रोत्यांपर्यंत पोहोचते ते बाजारपेठेच्या मार्गाने. या दोहोंतील ताण अमेरिकेतील ख्रिस्ती रॉक संगीताच्या इतिहासात ठळकपणे दिसून येतो. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरातील ‘फाइव्ह आयर्न फ्रेन्झी’ या वाद्यवृंदाचा २०१३ मधील ‘इंजिन ऑफ अ मिलियन प्लॉट्स’ हा अल्बम या दृष्टीने अभ्यसनीय आहे. निर्मितीचा आर्थिक आधार बदलला की धार्मिक कलेच्या आशयाची मर्यादाही बदलते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :

१९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात तरुणांमध्ये ‘जीझस चळवळ’ उदयास आली. लॅरी नॉर्मन यांचा १९६९ मधील ‘अपॉन धिस रॉक’ हा ख्रिस्ती रॉकचा आरंभीचा अल्बम मानला जातो. पुढील दोन दशकांत या संगीताचा स्वतंत्र उद्योग उभा राहिला. त्याच्या विक्रीचे मुख्य केंद्र ख्रिस्ती पुस्तकांची दुकाने हे होते. साहजिकच दुकानदारांना व पालकांना काय रुचेल, याचा विचार ध्वनिमुद्रण कंपन्यांना करावा लागे. शंका, निराशा किंवा राजकीय टीका यांना या व्यवस्थेत फारसे स्थान नव्हते.

‘फाइव्ह आयर्न फ्रेन्झी’ची स्थापना १९९५ साली झाली. जमैकात जन्मलेल्या ‘स्का’ या संगीतप्रकाराची रॉकशी सांगड घालून ट्रम्पेट, ट्रॉम्बोन व सॅक्सोफोन यांचा ठसठशीत वापर करणे, हे या वृंदाचे वैशिष्ट्य. १९९६ पासून त्यांचे अल्बम ‘फाइव्ह मिनिट वॉक’ या कॅलिफोर्नियातील ख्रिस्ती कंपनीमार्फत प्रसिद्ध झाले. विनोदी गीतांबरोबरच अमेरिकेतील मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाचा विषयही त्यांनी आरंभापासून हाताळला. नोव्हेंबर २००३ मध्ये डेन्व्हर येथे अखेरचा कार्यक्रम करून वृंद विसर्जित झाला.

लोकवर्गणीतून निर्मिती :

नोव्हेंबर २०११ मध्ये वृंदाने पुनरागमन जाहीर केले व नव्या अल्बमसाठी ‘किकस्टार्टर’ या संकेतस्थळाद्वारे लोकवर्गणीचे आवाहन केले. २००९ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळाची पद्धत अशी की, ठरावीक मुदतीत उद्दिष्टाएवढी रक्कम जमली तरच ती कलावंतास मिळते. अन्यथा कोणाकडूनही पैसे घेतले जात नाहीत. उद्दिष्ट ३० हजार डॉलरचे होते. ते एका तासाच्या आत पूर्ण झाले आणि मोहीम संपेपर्यंत दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली.

पारंपरिक पद्धतीत कंपनी ध्वनिमुद्रणाचा खर्च आगाऊ करते व तो कलावंताच्या मानधनातून वसूल करते. त्यामुळे आशयावर तिचे नियंत्रण राहते. लोकवर्गणीत श्रोताच आगाऊ रक्कम देतो. गीतांची निवड मात्र कलावंताकडे राहते.

आशयातील बदल :

२६ नोव्हेंबर २०१३ रोजी प्रसिद्ध झालेल्या या अल्बमचा स्वर पूर्वीपेक्षा गंभीर आहे. विनोद कमी झाला असून स्काऐवजी अल्टरनेटिव्ह रॉकचे वळण अधिक जाणवते. ‘झेन अँड द आर्ट ऑफ झेनोफोबिया’ या गीतात राष्ट्राभिमानाच्या आवरणाखालील परकीयद्वेषावर उपरोधिक टीका आहे.

याहून महत्त्वाची बाब वृंदाच्या रचनेत आहे. १९९८ मध्ये वृंद सोडून गेलेले स्कॉट केर या वेळी परतले. आपण आता ख्रिस्ती श्रद्धा मानत नाही, हे त्यांनी लपविले नव्हते. तरीही संगीतरचनेत त्यांचा मोठा वाटा होता. प्रमुख गायक व गीतकार रीस रोपर मात्र श्रद्धावानच राहिले. श्रद्धा असलेले आणि ती गमावलेले मित्र एकत्र येऊन धार्मिक जाणिवेचा अल्बम घडवितात, ही घटना ‘ख्रिस्ती वाद्यवृंद’ या संज्ञेचाच पुनर्विचार करावयास लावते. वृंदाची ओळख सदस्यांच्या श्रद्धेवरून ठरवावी की गीतांच्या आशयावरून? पुस्तकांच्या दुकानांवर अवलंबून असलेल्या व्यवस्थेत हा प्रश्न उघडपणे मांडणेही कठीण झाले असते.

मर्यादा :

तथापि, या यशाचे सामान्यीकरण करताना सावधगिरी आवश्यक आहे. वर्गणी देणारा श्रोतृवर्ग वृंदाने १९९० च्या दशकात, म्हणजे कंपनीच्या वितरणव्यवस्थेच्या आधारेच, जोडला होता. नवोदित वृंदाजवळ असे संचित नसते. शिवाय लोकवर्गणीमुळे बंधन नाहीसे होत नाही; दुकानदाराऐवजी चाहत्यांच्या अपेक्षेचे बंधन येते. जुन्या विनोदी गीतांची अपेक्षा बाळगणाऱ्या चाहत्यांपुढे गंभीर अल्बम ठेवणे हेही एक धाडसच होते.

निष्कर्ष :

सदर अल्बमवरून असे म्हणता येते की, आर्थिक स्वातंत्र्याने श्रद्धा निर्माण होत नाही वा नष्टही होत नाही. मात्र शंकेला शब्द देण्यास अवकाश मिळतो. २०२१ मध्ये याच वृंदाने ‘अन्टिल धिस शेक्स अपार्ट’ हा अल्बमही लोकवर्गणीतूनच सिद्ध केला. म्हणजेच २०११ चा प्रतिसाद केवळ पुनर्भेटीच्या उत्साहाचा नव्हता. शंकेसह व्यक्त होणाऱ्या श्रद्धेलाही श्रोता असतो आणि तो तिच्यासाठी पदरमोड करण्यास तयार असतो, हेच त्यावरून दिसून येते.