घशात अडकलेला गोळा

सकाळी उठल्यावर घसा खाकरायचा, दिवसभर आवंढे गिळायचे आणि कोणी विचारलेच तर ‘काही नाही, जरा खवखव आहे’ म्हणायचे. अशी महिनोन्महिने काढणारी माणसे आपल्या बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव भेटतात. शाळेतले मास्तर, आठवडी बाजारात ओरडून भाजी विकणारी बाई, कीर्तनकार, अजान देणारे मुअज्जिन, सोयाबीनच्या मळणीत आणि खामगाव-मलकापूरच्या जिनिंगमध्ये धूळ खाणारे मजूर. आम्ही कवीही त्यातलेच. आमचाही कारभार घशावरच चालतो.

या रुग्णाचे दुःख जरा वेगळे असते. ताप नाही, जखम नाही. तोंड उघडून आरशात पाहिले तरी काही दिसत नाही. त्यामुळे घरच्यांना त्याचे बोलणे खरे वाटत नाही. त्याला मात्र घशात सुपारीएवढा गोळा अडकल्यासारखा वाटतो. रात्री झोप लागत नाही. हा कॅन्सर तर नसेल, हा प्रश्न तो मनातच ठेवतो आणि दिवसा खाकरत राहतो.

मग उपाय सुरू होतात. आधी हळदीचे दूध, जेष्ठमध, खडीसाखर. आमच्या घरांत जोशांदा आणि शरबत-ए-तूत-सियाह. त्याने तात्पुरते बरे वाटते. नंतर मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या. पुढे कोणीतरी सांगते, ‘हे पित्त वर येते.’ की रोज उपाशीपोटी पित्ताची गोळी चालू, ती वर्ष वर्ष बंद होत नाही.

या गोळीची ब्रिटनमध्ये नीट परीक्षा झाली. घशाची तक्रार न हटणाऱ्या ३४६ रुग्णांपैकी काहींना १६ आठवडे दोन वेळा लॅन्सोप्राझोल दिले, तर बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. २०२१ मध्ये निकाल छापून आला. दोन्ही गटांना आराम पडला, पण तो जवळजवळ सारखाच. छातीत खरोखर जळजळ होत असेल तर ही गोळी उपयोगाची आहेच आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने थांबवूही नये. पण नुसत्या खवखवीवर ती रामबाण नाही.

मग काय करावे? खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्यांना सूज येते, सुजेमुळे घशात काही असल्यासारखे वाटते आणि माणूस पुन्हा खाकरतो. हे चक्र तोडायचे तर खाकरावेसे वाटताच पाण्याचा घोट घ्यावा. घसा बसला असताना कुजबुजत बोलू नये, त्यानेही ताण पडतो. गप्प राहणे बरे. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. धुळीत काम करताना नाकातोंडाला रुमाल बांधावा. नुसता आवंढा गिळताना गोळा जाणवतो, पण भाकरी सहज उतरते, असे असेल तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. काळजीनेही घशाचे स्नायू आवळतात.

मात्र आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल, घास अडकत असेल, थुंकीत रक्त, मानेत गाठ, एकाच बाजूला घसा किंवा कान दुखणे, वजन घटणे यांपैकी काही असेल तर थांबू नये. खर्रा, तंबाखू, बिडी घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही. ‘मी नुसती सुपारी खातो’ म्हणणाऱ्यांनीही जाणून घ्यावे, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारीची सवय कायद्याने सुटत नाही.

कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरतंतू पाहतात. काही मिनिटांचे काम असते. तिथे गेल्यावर खवखव कधीपासून, काय काय खाल्ले-प्यायले, कोणत्या गोळ्या घेतल्या, हे सारे सांगावे. आणि मनातली कॅन्सरची भीतीही स्पष्ट बोलून दाखवावी. भीती कळली तर डॉक्टर तिचेही उत्तर देतील. ती पोटात ठेवून घरी परतलात, तर रिपोर्ट चांगला येऊनही घशातला गोळा तिथेच राहील.