पंडिता रमाबाईंची इंग्रजी आणि केडगावची मुक्ती

इंग्लंडमधील वाँटेज गावच्या सेंट मेरी मठातील अँग्लिकन जोगिणी १८७७ पासून पुण्यात काम करीत होत्या. पंचहौद मिशन हे त्यांचे ठिकाण. पंडिता रमाबाईंचा त्यांच्याशी परिचय पुण्यातच झाला. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे रमाबाईंनी स्त्रीशिक्षणावर साक्ष दिली ती मराठीत. संस्कृतच्या बळावर कलकत्त्याच्या विद्वानांकडून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या या बाईंना तेव्हा इंग्रजी जवळपास येत नव्हते. पुण्यात मिस हर्फर्ड यांच्याकडे त्यांनी धडे घेतले. पण त्यांना डॉक्टर व्हायचे होते आणि त्यासाठी तेवढ्याने भागणार नव्हते.

‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या उत्पन्नातून प्रवासाची सोय करून १८८३ मध्ये त्या मनोरमा या आपल्या लहानग्या मुलीसह वाँटेजला गेल्या. मठाशी ठरले ते असे: जोगिणींनी त्यांना इंग्रजी शिकवायचे, त्यांनी हिंदुस्थानात जाणाऱ्या जोगिणींना मराठी. फुकटच्या शिकवणीपेक्षा ही देवघेव बरी. तिच्यात कोणी कोणाचा उपकृत राहत नाही. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. कानांच्या दुखण्यामुळे वैद्यकीचा बेत मात्र बारगळला.

पुढे चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी मुलग्यांनाही शिकवावे, असा विचार निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ती मुकाट्याने मानली नाही. वाँटेज मठातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या गुरुमाउली. पण ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार, मनोरमेला कोणती शिकवण द्यायची, अशा प्रश्नांवर रमाबाई त्यांच्याशी पत्रांतून रोखठोक भांडल्या. ज्यांच्याकडून इंग्रजी घेतले, त्यांच्याशीच इंग्रजीत वाद घातला. ही पत्रे पुढे जेराल्डिन यांनीच जपून संग्रहित केली, ही त्यांच्या मोठेपणाची बाजू.

डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. दुसऱ्याच वर्षी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. पुस्तकाने आणि व्याख्यानांनी अमेरिकेत मदतीचा ओघ सुरू झाला. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा उघडली ती या पैशावर. पुढच्या वर्षी ती पुण्याला हलली.

१८९६-९७ च्या दुष्काळात वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्य प्रांतातून रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली-बाया आणल्या. पुण्याजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय झाली, हीच ‘मुक्ती’. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मिनी अब्राम्स यांच्यासारख्या परदेशी मिशनरी बाया मदतीला आल्या. पण उपाशी, पोरक्या मुलींना आधी हवे होते अन्न, मग मराठी अक्षरओळख आणि हातातले काम: विणकाम, तेलघाणा, दुग्धालय, छापखाना. अंधांसाठी बार्तीमी सदन निघाले. इंग्रजीचा आग्रह सगळ्यांसाठी धरला नाही, हे शहाणपणाचेच झाले.

रमाबाईंनी स्वतः मात्र आणखी भाषांची भर घातली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सामान्य माणसाला कळेल अशा मराठीत बायबल उतरवायला घेतले. ५ एप्रिल १९२२ ला त्यांचे निधन झाले, तोवर ते काम हातावेगळे झाले होते. ग्रंथाची छपाई मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून झाली.