रणांगणावरील अनिश्चितता आणि आज्ञा : बालाक्लाव्हाची लढाई व पटावरील युद्धखेळ

प्रस्तावना : पटावरील युद्धखेळ हा करमणुकीचा विषय असला, तरी सेनानेतृत्वाच्या अभ्यासाचे साधन म्हणूनही त्याकडे पाहिले जाते. कार्ल फॉन क्लाउझेविट्झ यांनी युद्धाची तुलना पत्त्यांच्या खेळाशी केली होती. पटावर हा दैवाचा अंश सामान्यतः फाशाच्या साहाय्याने आणला जातो. परंतु फाशाच्या शक्यता खेळाडूस आधीच ठाऊक असतात. आपला हुकूम कसा वाचला जाईल, हे मात्र कोणत्याही कोष्टकात सापडत नाही.

बालाक्लाव्हाचा हुकूम : क्रिमियन युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी लॉर्ड रॅग्लन यांनी उंच पठारावरून लढाईचे संचालन केले. रशियन सैनिक जिंकलेल्या ठाण्यांतील ब्रिटिश तोफा हलवीत आहेत, असे त्यांना वाटले. घोडदळाने त्वरेने पुढे जाऊन शत्रूस तोफा नेऊ देऊ नयेत, अशा आशयाचा लेखी हुकूम कॅप्टन नोलन यांच्या हाती धाडण्यात आला. खाली दरीत असलेल्या लॉर्ड लुकन यांना त्या तोफा दिसतच नव्हत्या. कोणत्या तोफा, असे त्यांनी विचारता नोलन यांनी हाताने मोघम दिशा दाखविली. परिणामी लॉर्ड कार्डिगन यांचे हलके घोडदळ, सुमारे ६७० स्वार, दरीच्या टोकाच्या रशियन तोफखान्यावर चालून गेले. सुमारे ११० जण प्राणास मुकले. नोलन प्रारंभीच ठार झाल्याने त्यांना नेमके काय अभिप्रेत होते, हा वाद कायम राहिला. लुकन व कार्डिगन हे मेहुणे. त्यांचे परस्परांशी मुळीच पटत नसे, हेही येथे नोंदविले पाहिजे.

पटावरील स्थिती : हाच प्रसंग पटावर मांडल्यास खेळाडू सर्व प्रदेश वरून पाहतो, म्हणजे तो रॅग्लन असतो, तुकडी स्वतःच्या हाताने सरकवितो, म्हणजे लुकनही तोच. मधला नोलन उरतच नाही. १९९० च्या 'डे बेल्लिस अँटिक्विटाटिस' या नियमावलीत प्रत्येक डावात किती हालचाली करता येतील, हे फासा ठरवितो. उपाय चतुर आहे. पण त्याने हुकूम अपुरे पडतात, चुकीचे वाचले जात नाहीत.

या दृष्टीने १८२४ मधील प्रशियाचा 'क्रीगश्पील' अधिक सखोल म्हणावा लागेल. गेओर्ग फॉन राइसविट्झ यांच्या या खेळात १:८००० प्रमाणाच्या नकाशावर दोन मिनिटांचा एक डाव असे. खेळाडू हुकूम लिहून पंचाकडे देत आणि जे दृष्टीस पडू शकेल तेवढेच सैन्य पंच नकाशावर मांडी. पुढे १८७६ मध्ये फेर्दी द्यू व्हेर्न्वा यांनी कोष्टके व फासे बाजूस सारून पंचाच्या अनुभवावर भर दिला. तथापि हुकूम वाचणारा एकटा पंचच असेल, तर संदिग्धता त्याच्या मर्जीवर राहते. एकाच पक्षाचे अनेक खेळाडू निरनिराळ्या खोल्यांत बसवून केवळ चिठ्ठ्यांद्वारे संपर्क ठेवला, तर ती आपोआप उत्पन्न होते. नोलन यांचा उतावळेपणा आणि लुकन यांचा दुखावलेला मान मात्र चिठ्ठीत उतरत नाही.