उचल आणि शिल्लक

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं पाडव्यास, किंवा खानदेशांत असल्यास आखाजीस, सालगड्याचा ठराव होतो. सालाची रक्कम ठरते, धान्याची बोली होते आणि मग उचल किती, हा प्रश्न निघतो. थोड्या मिळकतीच्या तरुणानें शिल्लक टाकावी असा उपदेश सर्वच करितात. परंतु त्याची शिल्लक अडते ती बहुधा या उचलीपाशीं, आणि ती देणारे हात आपलेच असतात, हें आमच्या ध्यानांत फार उशिरां आलें.

आम्ही १९८७ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, तहसील कचेरींत कारकून म्हणून लागलों. खर्च भागून उरेल तें ठेवावें असा बेत होता. वर्षभरांत कांहींच उरलें नाहीं. पुढें मंडळींबरोबर भिशींत पडलों. अकरा महिने पैसे भरले आणि आमची पाळी येण्याच्या आधींच भिशी चालविणारा गांव सोडून गेला. त्यानंतर पोस्टांत खातें काढलें व पगाराच्या दिवशींच, घरीं जाण्यापूर्वीं, पंचवीस रुपये भरूं लागलों. घरीं पगार पंचवीस रुपयांनीं कमी सांगत असूं. यांत थोडी लबाडी होती हें कबूल करितों.

आतां मूळ गोष्ट. २०२३ च्या पाडव्यास आमच्या वडील बंधूंनीं बावीस वर्षांचा एक मुलगा सालावर ठेविला. आई व धाकटी बहीण त्याच्या पदरीं. साल १,०८,००० रुपये, धान्य वेगळें, उचल ४८,०००. त्या उचलींतील ३५,००० त्याच दिवशीं आदल्या मालकाची बाकी फेडण्यांत गेले. बाकी ६०,०००, म्हणजे महिना ५,०००. उचल मोठी असली म्हणजे गडी मध्येंच सोडून जात नाहीं, असें दादांचें म्हणणें. त्यांचा हेतु वाईट नव्हता; पेरणीच्या तोंडावर गडी गेला तर काय होतें तें वाचकांस सांगावयास नको. परंतु उचलीच्या पायीं माणसास कामाशीं जखडून ठेवणें १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्यानें बंद केलेलें आहे. त्या विषयाचे कागद आम्हीं कचेरींत स्वतः हाताळलेले, आणि आपल्याच ओसरीवर मात्र आम्ही गप्प बसलों.

हे ५,००० तरी त्यास एकदम कोठें मिळत होते? बाजाराच्या दिवशीं तीनशें, सणास हजार, मागेल तेव्हां दोनशें. हिशेब फक्त दादांच्या वहींत. उरेल तें डब्यांत टाकीन असें तो म्हणे. दिवाळीस डबा उघडला तेव्हां त्यांत एक वीस रुपयांची नोट होती. डब्याचा दोष नव्हता. ज्यास आपली मिळकत महिन्याकाठीं एकदांहि सबंध दिसत नाहीं, त्यानें वेगळें काय काढावें?

दिवाळीनंतर आम्हीं दादांस म्हटलें कीं, पांच तारखेस सगळी रक्कम एकदम द्या. "एकदम हातीं पडले तर उडवील," दादा म्हणाले. आम्हीं म्हटलें, त्यांतील पांचशें त्याच दिवशीं पोस्टांत जातील. दादांनीं मोठ्या नाखुषीनें मान्य केलें.

पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे नियम सांगतों, कारण पुष्कळांस ते ठाऊक नसतात. किमान हप्ता दरमहा १०० रुपये, मुदत पांच वर्षें. नोव्हेंबर २०२३ मध्यें, त्यानें खातें उघडलें तेव्हां, व्याज ६.७ टक्के होतें. त्या दरानें ५०० चे साठ हप्ते, म्हणजे ३०,०००, मुदतीअखेर सुमारें ३५,६८० होतात. हप्ता चुकल्यास शेंकडा एक रुपया दंड; मात्र लागोपाठ चार चुकले तर खातें खंडित होतें. बारा हप्ते नियमित भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतें, त्यावर ठेवीच्या दरापेक्षां दोन टक्के अधिक व्याज. आमच्या मतें गरीबाच्या खात्यांत हेंच कलम सर्वांत मोलाचें आहे.

त्याचे दोन हप्ते चुकले, दोन्ही पावसाळ्यांत. दंड दहा रुपये. २०२४ च्या पाडव्यास साल तेंच राहिलें, उचल मात्र २०,००० वर आली.

डिसेंबर २०२४ मध्यें त्याची आई आजारी पडली. दादांनीं पेटी उघडून ठेविली होती; पुढल्या सालाची उचल मागावयास येणार असें धरूनच ते बसले होते. तो आला नाहीं. खात्यावर ७,००० जमा होते; त्यावर त्यानें ३,००० उचलले व दवाखान्याचें भागविलें. रक्कम केवढी, तर तीन हजार! पण पुढील साल गहाण पडलें नाहीं.

२०२५ च्या पाडव्यास तो ओसरीवर बसला तो मोकळ्या मानेनें. "मालक, औंदा दीड द्या, नाहीं तर शेजारच्या गांवीं बोलणं झालंय माझं." दादांनीं आमच्याकडे पाहिलें. "हें तूंच शिकविलंस त्याला." आम्हीं नाहीं म्हटलें नाहीं. बराच वेळ घासाघीस झाली, चहा दोनदां झाला. अखेर १,३०,००० वर ठराव झाला. उचल त्यानें १०,००० च घेतली, तीहि बहिणीच्या शाळेसाठीं. आणि उरलेले १,२०,००० दरमहा दहा हजारांप्रमाणें पांच तारखेस द्यावयाचे, असें दादांनीं आपल्या हातानें वहींत लिहिलें.