बर्फात जपलेला दुष्काळ

दख्खनमध्ये १७९१-९२ साली भीषण दुष्काळ पडला. मेलेल्यांची हाडे वाटांवर तशीच पडून राहिली, म्हणून त्याला 'कवटी दुष्काळ' हे नाव मिळाले. शाळेत असा इतिहास आम्ही जुन्या कागदपत्रांवरून शिकवतो. पण या दुष्काळाचा आणखी एक साक्षीदार आहे, तो म्हणजे हिमालयाचा बर्फ.

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे लॉनी थॉम्पसन यांनी त्याला बोलते केले. १९९७ साली त्यांच्या पथकाने तिबेटातील दासुओपू हिमनदीवर, सुमारे ७२०० मीटर उंचीवर, यंत्राने खोल भोक पाडून बर्फाच्या गोल कांड्या बाहेर काढल्या. दरवर्षीच्या बर्फाचा एक थर होतो. पावसाळा हुकला की जमीन सुकते, वारा धूळ आणि क्षार वर नेतो आणि ते त्या थरात अडकतात. १७९० ते १७९६ च्या थरांत ते भरपूर सापडले.

हे काम थॉम्पसन यांनी १९७४ पासून पेरूतील केलकाया हिमनदीवर सुरू केले होते. पत्नी एलन याही याच विषयातील शास्त्रज्ञ. २०१२ साली लॉनी यांच्यावर हृदयरोपण झाले, तरी २०१५ साली ते पुन्हा तिबेटच्या बर्फावर पोहोचले. कारण वेळ थोडा आहे. केलकायाच्या कडेला १६०० वर्षांत साठलेला बर्फ अवघ्या २५ वर्षांत वितळला.

कागद जळाला तर त्याची नक्कल कुठेतरी मिळू शकते. वितळलेल्या बर्फाची मिळत नाही. ओहायोच्या शीतगृहात जपलेल्या त्या कांड्यांचे मोल म्हणूनच एखाद्या जुन्या कुतुबखान्याइतके आहे, हे आपण मुलामुलींना जरूर सांगावे.