काळ्या भुईवरची वनकुटी

जिंतूरच्या डोंगराकडेला किंवा येलदरीच्या जलाशयाजवळ एक छोटं, नव्या धर्तीचं घर बांधावं, शनिवारी परभणीहून निघून तिथे जावं, झाडांत दोन दिवस काढावेत, असं आता पुष्कळांच्या मनात येतं. इच्छा चांगली आहे. मात्र तिचं चित्र मोबाइलवरच्या फोटोंतून येतं आणि त्या फोटोंतली घरं बहुतेक वेळा थंड, पाइनच्या मुलखातली असतात. आपली जमीन, ऊन आणि कायदा, तिन्ही वेगळे आहेत.

पहिला गैरसमज जंगलाबद्दलच. ‘जंगलात जागा घेऊ’ असं लोक सहज म्हणतात. परभणी हा राज्यातल्या सर्वांत कमी वनाच्छादनाच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. जे वन उरलंय ते साग, पळस, धावड्याचं, पानगळीचं आहे आणि त्यातली वनजमीन घरासाठी मिळत नाही. 1980 च्या वन कायद्यानुसार तिचा वनेतर वापर करायला केंद्र सरकारची मंजुरी लागते. गायरानावरही घर बांधता येत नाही. मग उरते खासगी शेतजमीन. मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कूळ कायदा लागू आहे. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. घेता येत असली तरी आधी सातबारा पाहावा, भोगवटादार वर्ग 2 लिहिलंय का ते बघावं; अशी जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. ‘चार गुंठे घ्या, नोटरी करून देतो’ म्हणणाऱ्याचं तर ऐकूच नये. 2023 च्या अधिसूचनेनुसार जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते, 20 गुंठे आणि बागायतीचं 10 गुंठे आहे. नोटरीच्या कागदाने मालकी मिळत नाही.

‘कंटेनरचं घर हलवता येतं, म्हणून परवानगी लागत नाही’ हेही असंच पसरलंय. चाकं असोत नसोत, राहायला वापरलं की जमिनीचा वापर बदलतो. शिवाय मे महिन्यात इथला पारा 42 अंशांपुढे जातो, तेव्हा लोखंडी डब्यात कोणी बसून दाखवावं.

आता ज्या गैरसमजापायी सगळ्यात जास्त पैसा मातीत जातो तो: ‘घर लहान आहे, पाया कशाला मोठा?’ काळ्या भुईवर हे नेमकं उलटं आहे. या मातीतली माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडलेल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो, ती याच मातीची करणी. बहुमजली इमारत आपल्या वजनाने ही फुगण्याची ताकद थोडीफार दाबून धरते. एका खोलीच्या हलक्या घराला तेवढं वजनच नसतं. माती पावसाळ्यात त्याला उचलते, उन्हाळ्यात सोडते आणि तेही सगळीकडे सारखं नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, दार चौकटीत अडतं. मिस्त्री येऊन चीर सिमेंटने बुजवून जातो आणि पुढच्या वर्षी ती तिथेच उघडते, कारण दुखणं भिंतीचं नसून खालच्या मातीचं असतं.

आपली माती किती फुगते हे घरीही पाहता येतं. माती वाळवून, कुटून, बारीक चाळून घ्यावी. मापाच्या खुणा असलेल्या दोन काचनळ्यांत दहा-दहा ग्रॅम टाकावी. एकीत पाणी भरावं, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. 24 तासांनी दोन्ही नळ्यांतल्या मातीची उंची ताडून पाहावी. पाण्यातली माती दीडपट किंवा त्याहून वर आली असेल, तर साधा पाया विसरावा. मुरूम वरच लागत असेल तर पाया मुरमापर्यंत न्यावा. काळी खोल असेल तर तळाशी फुगीर कंद असलेले पाइल घ्यावेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने आपल्याकडच्या काळ्या मातीसाठी ही पद्धत रुजवली. खोल काळ्या मातीत हे पाइल साधारण साडेतीन मीटर खाली नेतात, कारण तिथे पावसा-उन्हाने ओल फारशी बदलत नाही. दुसरा उपाय आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून आला: काळी माती काढून तिथे न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मुरमाड मातीचा सुमारे एक मीटरचा थर दाबून भरायचा. काहीही करा, घराभोवती फरसबंदीचा पट्टा हवाच, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरत नाही.

छपराचंही तसंच. जमिनीपर्यंत उतरणारं टोकदार छप्पर बर्फ घसरून पडावा म्हणून शोभतं. इथे त्याचा अर्थ एवढाच की घराचा मोठा भाग थेट उन्हात तापतो. पश्चिमेची मोठी काच तर पदरचे पैसे देऊन ऊन आत घेणं आहे. आपल्या हवेची खरी देणगी म्हणजे दिवस आणि रात्रीच्या तापमानातलं अंतर. तिचा फायदा भिंतीतून घेता येतो. वास्तुकार लॉरी बेकर यांनी रूढ केलेल्या पोकळ बांधणीत विटा उभ्या लावल्याने भिंतीच्या मध्ये हवा राहते, उष्णता आत यायला उशीर होतो आणि विटाही सुमारे 25 टक्के कमी लागतात. त्यावर पांढरा चुना दिलेलं छप्पर आणि खोलीपेक्षा मोठी ओसरी, एवढं पुरतं.

घर लहान ठेवण्याबद्दल एक गोष्ट वास्तुकार ल कॉर्ब्युझियेकडून घ्यावी. त्याने 1952 साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी सुटीची कुटी बांधली, 3.66 मीटर लांब आणि तेवढीच रुंद. तिचे फोटो सगळे दाखवतात. तिच्यात स्वयंपाकघर नाही हे मात्र सांगायचं राहतं. जेवण शेजारच्या खानावळीत होई आणि तिकडे उघडणारं दार कुटीतच होतं. म्हणजे काय बाहेर ठेवायचं ते ठरवलं, तरच घर लहान होतं. आपल्याकडे चूल आणि मोरी बाहेरच्या पडवीत गेली, निजायला ओसरी असली, की दहा बाय बाराची खोली मोकळी वाटते.

मातीच्या घराचं नाव काढलं की मराठवाड्यात किल्लारी आठवते आणि ते साहजिक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तिथल्या भूकंपात हजारो माणसं गेली. पण दोष एकट्या मातीवर टाकू नये. जाड दगडी भिंतींचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर एकमेकांना आरपार दगडांनी बांधलेले नव्हते आणि माळवदावर वर्षानुवर्षं मातीचे थर चढत गेले होते. हलकं छप्पर, थरांना जोडणारे दगड, दारांच्या डोक्यावरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा, एवढं सांभाळलं तर मातीच्या किंवा दगडाच्या भिंतीला भिण्याचं कारण नाही.

लाकडाचं सांगायचं तर, आपल्या बांधावरचा सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही; 1964 च्या वृक्षतोड कायद्यात तो अनुसूचित आहे. बांबूची गोष्ट वेगळी: वनाबाहेर लावलेला बांबू 2017 पासून भारतीय वन कायद्याच्या ‘वृक्ष’ या व्याख्येत येत नाही. मात्र आठवड्यातून पाच दिवस बंद राहणाऱ्या घरात वाळवी निवांत काम करते, म्हणून बांबू प्रक्रिया केलेलाच घ्यावा.

सांडपाणी शोषखड्ड्यात सोडलं की झालं, असंही मानतात. काळी माती पावसाळ्यात पाणी घेत नाही, खड्डा भरून वर येतो. सेप्टिक टँकमधून येणारं पाणी केळी आणि कर्दळीच्या वाफ्यात न्यावं.

आणि झाडं. जंगल विकत मिळत नसलं तरी माळावर लावता येतं: पळस, कडुनिंब, बाभूळ, सीताफळ. फक्त घराला चिकटून लावू नयेत. मोठं झाड काळ्या मातीतली ओल ओढून घेतं, माती आकसते आणि पाया त्या बाजूने खचतो. झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल, निदान तेवढं अंतर घरापासून सोडावं. सावलीसाठी पश्चिमेला वेलींचा मांडव घालता येतो.