‘घेतली तर बिघडतं काय?’

अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांबद्दल सगळ्यात जास्त कानावर पडणारं वाक्य हे: ‘फायदा झाला तर झाला, नुकसान तर काही नाही ना!’ चांगली शिकलेली माणसं असं म्हणतात. मेडिकलच्या काउंटरवर हेच सांगून डबा पुढे सरकवला जातो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मुलं याच भरवशावर महिन्याच्या गोळ्या आणून देतात. ‘फायदा झाला तर झाला’ यावर वाद घालता येईल. पण ‘नुकसान नाही’ हे साफ चूक आहे, आणि ते १९९४ पासून माहीत आहे. इतक्या वर्षांनंतरही ते लोकांपर्यंत पोचू नये, याची खरोखर चीड येते.

मूळ कल्पना वेडगळ नव्हती. शरीरात ऊर्जा तयार होताना फ्री रॅडिकल्स नावाचे आक्रमक रेणू निर्माण होतात, ते पेशींची नासधूस करतात आणि त्यातूनच म्हातारपण येतं, असा सिद्धांत डेनम हार्मन यांनी १९५६ साली मांडला. या रेणूंना निष्प्रभ करणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट, आणि बीटा कॅरोटीन, क आणि ई जीवनसत्त्व हे त्यांतलेच. पुढे असंही दिसलं, की भरपूर भाज्या-फळं खाणाऱ्यांना आणि रक्तात बीटा कॅरोटीन जास्त असणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो. मग तेच बीटा कॅरोटीन गोळीतून दिलं तर? फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हे तपासलं गेलं. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, तर काहींना नुसती दिखाऊ गोळी. पाच ते आठ वर्षांनी, १९९४ मध्ये, आकडे मांडले तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला आणि एकूण मृत्यूही ८ टक्क्यांनी जास्त. हा योगायोग असेल, असं म्हणायची सोयही फार काळ उरली नाही. अमेरिकेत १८,३१४ जणांवर ‘कॅरेट’ नावाची चाचणी चालू होती. त्यात धूम्रपान करणारे, सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार होते. त्यांना बीटा कॅरोटीनसोबत अ जीवनसत्त्व दिलं जात होतं. तिथे फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त दिसल्यावर जानेवारी १९९६ मध्ये, ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधी, गोळ्या बंद कराव्या लागल्या.

यावर ठरलेला आक्षेप येतो: ‘ती माणसं सिगारेट ओढणारी होती, आम्ही तर निर्व्यसनी.’ आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं. अमेरिकेतल्या २२,०७१ डॉक्टरांनी सरासरी बारा वर्षं एक दिवसाआड बीटा कॅरोटीन किंवा दिखाऊ गोळी घेतली. त्यांच्यातले बहुतेक धूम्रपान करणारे नव्हते. त्यांना अपाय झाला नाही, पण कर्करोग, हृदयविकार, मृत्यू यांपैकी कशातही काडीचा फायदा दिसला नाही. ‘सिलेक्ट’ चाचणीत ३५,५३३ निरोगी पुरुषांना ई जीवनसत्त्व, सेलेनियम, दोन्ही किंवा दिखाऊ गोळी दिली. २०११ साली आलेल्या निष्कर्षांत नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त झाल्याचं दिसलं. रोखायचा होता तोच आजार वाढला. वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये ७८ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत २,९६,७०७ माणसं होती आणि त्यांतली दोन लाखांहून जास्त निरोगी होती. आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण थोडं जास्तच दिसलं.

असं का व्हावं? कारण फ्री रॅडिकल्स म्हणजे नुसता कचरा नव्हे, शरीर त्यांचा वापर करतं. पांढरी पेशी जंतूला गिळते, स्वतःच्या आत एका कप्प्यात कोंडते आणि त्या कप्प्यात मुद्दाम सुपरऑक्साइड हा फ्री रॅडिकल सोडून त्याला मारते. ज्या मुलांच्या पांढऱ्या पेशींना जन्मतःच सुपरऑक्साइड बनवता येत नाही, त्यांना एकामागून एक गंभीर जंतुसंसर्ग होत राहतात. व्यायामाचंही तसंच. स्नायूंनी मेहनत केली की हेच रेणू वाढतात, आणि त्या इशाऱ्यावर शरीर आपली इन्सुलिनला साथ देण्याची क्षमता सुधारतं. २००९ साली जर्मनीत तरुणांना चार आठवडे व्यायामासोबत रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं, तेव्हा ही सुधारणा झालीच नाही. गोळ्या न घेणाऱ्यांत ती झाली. मधुमेहाच्या धास्तीने सकाळी चालायला जाणाऱ्याने घरी येऊन या गोळ्या घ्याव्यात, यासारखी उलटी गोष्ट नाही.

‘पण भाज्या-फळांतही तेच असतं की!’ असतं, पण एकटं नसतं. भाजीत तंतू असतात, पोटॅशियम असतं, शेकडो इतर द्रव्यं असतात, आणि भाजी खाणारा माणूस बहुधा विडी-सिगारेटही कमी ओढतो. त्यातला एकच रेणू वेगळा काढून, आहारात सहसा मिळत नाही एवढ्या मात्रेत दिला की भाजीचं पुण्य त्याला लागू होत नाही. चघळायच्या क जीवनसत्त्वाच्या गोळीवर ५०० मिलिग्रॅम असा आकडा असतो. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम पुरतात. एका मध्यम पेरूत तेवढं सहज मिळतं. मात्रा वाढत जाते तसं आतडं कमी शोषतं, शोषलेलं जादाचं लघवीवाटे जातं आणि काहीचं ऑक्झलेट होतं, ज्यापासून मूतखडा बनू शकतो. स्वीडनमधल्या २३,३५५ पुरुषांच्या पाहणीत क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांना मूतखडा होण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळलं. पाहणी म्हणजे चाचणी नव्हे, हे मान्य. पण ‘नुकसान काही नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे याहून बळकट पुरावा कुठे आहे?

बाकीचे गैरसमज लवकर आटपतात. रोज क जीवनसत्त्व घेतल्याने सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही, मोठ्यांत तिचा मुक्काम जेमतेम ८ टक्क्यांनी कमी होतो. घरी उपचार घेणाऱ्या कोविडच्या रुग्णांत मोठ्या मात्रेतल्या क जीवनसत्त्वाने आणि जस्ताने लक्षणं लवकर गेली नाहीत, असं २०२१ च्या अमेरिकी चाचणीत दिसलं. अँटिऑक्सिडंट क्षमता म्हणून जाहिरातीत मिरवला जाणारा ‘ओरॅक’ आकडा परीक्षानळीतला आहे, शरीरातला नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याने याच कारणाने २०१२ मध्ये आपली ओरॅकची यादी काढून टाकली. आणि ‘नैसर्गिक’ या शिक्क्याने मात्रा कमी होत नाही.

गोळ्यांना जागाच नाही, असं मात्र नाही. रक्ततपासणीत कमतरता निघाली तर ती भरून काढावीच लागते. डोळ्याच्या पडद्याचा मध्यबिंदू झिजण्याचा, म्हातारपणी होणारा विकार मधल्या टप्प्यावर असेल, तर ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्त यांच्या मिश्रणाने तो बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटतो, हे २००१ मध्ये सिद्ध झालं. त्या मूळ मिश्रणात बीटा कॅरोटीन होतं. पुढच्या चाचणीनंतर, २०१३ पासून, त्याच्या जागी ल्युटीन आणि झियाझँथिन ही द्रव्यं आली, कारण फुप्फुसाच्या कर्करोगाची भीती खरी होती. आजही बाजारातल्या अनेक मल्टिव्हिटॅमिन कॅप्सूलमध्ये बीटा कॅरोटीन असतं. ओढणाऱ्याने किंवा कधीकाळी ओढून सोडलेल्याने डबा उलटा करून घटकांची बारीक अक्षरांतली यादी वाचावी, आणि तिथे ते नाव दिसलं तर दुसरी गोळी लिहून द्यायला डॉक्टरांना सांगावं.